कानदार

माझ्या मावशीच्या रेडिओच्या काचेवर लाल नेलपॉलिशचा एक ठिपका होता. घर बेळगावात, शहापूरच्या एका बोळात. रेडिओ म्हणजे तपकिरी कातडी कव्हरातला ट्रान्झिस्टर, खुंटीला टांगलेला. काटा ठिपक्याखाली आला की आकाशवाणीचं मराठी सांगली केंद्र लागायचं. कन्नड धारवाड काटा कसाही फिरवला तरी खणखणीत लागे. सांगलीसाठी मात्र अख्खा रेडिओ हातात घेऊन खिडकीकडे तिरका धरायचा, मग जरा मागं, मग जरासा डावीकडं. तेवढ्यात कुणी मध्ये आलं तर मावशी खेकसायची, "हल की जरा, सांगली जातंय बघ!" जणू सांगली म्हणजे सुटत आलेली एसटी.

ऐकायची काय? काहीही. तिच्याकडं वावभर शेत नव्हतं, पण उसाच्या खोडकिडीवर कुठलं औषध मारायचं हे तिला तोंडपाठ होतं. एकदा निवेदकाला बोलता बोलता ठसका लागला. मी हसलो. ती म्हणाली, "हसू नको. खोकला झाला तरी मराठी खोकला तो." मला तेव्हा ते विनोदी वाटलं.

तिची आठवण अलीकडं पुन्हा आली ती येरेवानमुळं. आर्मेनियाच्या या राजधानीतून १९५५ साली, सोव्हिएत काळात, रेडिओवर कुर्दी भाषेतला कार्यक्रम सुरू झाला. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, पंधरा-पंधरा मिनिटं. पुढं तो वाढत वाढत रोजच्या दीड तासावर गेला. त्यातली जुनी ध्वनिमुद्रणं आता इंटरनेटवर मिळतात. मी ती रात्री ऐकतो. भाषा कळत नाही. खरखर मात्र कळते, ती शहापूरच्या खिडकीतलीच आहे.

आर्मेनियातले कुर्द तसे मूठभर, बहुतेक यझिदी धर्माचे. पण अरास नदी ओलांडली की तुर्कस्तान, आणि तिथं कुर्द लाखांनी. ही माणसं मुळात 'डोंगरी तुर्क', त्यांची वेगळी भाषा वगैरे काही नाही, असं तिथलं अधिकृत म्हणणं होतं. जी भाषाच नाही तिच्यावर १९८३ साली कायदा करून बंदीही घातली. ती १९९१ साली उठली. (नसलेल्या गोष्टीवर बंदी घालण्याचं कसब सरकारांनाच जमतं.) अशा वर्षांत संध्याकाळी खेड्यातल्या एखाद्या घरी रेडिओभोवती माणसं दाटीवाटीनं बसायची, आवाज बारीक, एखादं पोर दाराशी राखणीला. ज्यांच्याकडं टेपरेकॉर्डर होता ते गाणी कॅसेटवर उतरवून घ्यायचे आणि कॅसेटी लपवून ठेवायचे.

कार्यक्रमाची सुरुवात ठरलेली. निवेदक म्हणायचा, "गुहदारेन एझीझ, येरेवान खेबेर दिदे." यातलं 'खेबेर' म्हणजे आपली खबर, 'एझीझ' म्हणजे अझीझ, प्रिय. राहता राहिलं 'गुहदार'. गुह म्हणजे कान आणि दार हा आपल्या दुकानदारातला, वतनदारातला दार. ज्याच्यापाशी कान आहे तो गुहदार, म्हणजे श्रोता. आपण मराठीत 'श्रोते हो' म्हणतो, त्याला शाल-श्रीफळाचा वास येतो. कानदार हा शब्द मला फार आवडला. ज्याची जमीन गेली, ज्याच्या गावाचं नाव सरकारी नकाशावर बदललं, त्याच्याकडं वतन म्हणून उरलेला कान.

रेडिओच्या या कुर्दी विभागाची घडी बसवली कासिमे जलील यांनी. कार्स भागातल्या यझिदी घरातले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरच्या कत्तलीत घरचे गेले, आणि ते अनाथालयात वाढले. तिथं नाव बदललं जाई. तेव्हा हा मुलगा रोज सकाळी उठून स्वतःशी म्हणायचा: मी कासिम, जलीलचा मुलगा, अमुक गावचा. विसरू नये म्हणून. पुढं त्यांच्या मुलामुलींनी कुर्दी लोकगीतं गोळा करण्यातच आयुष्य घातलं. रेडिओवरचं ते रोजचं "येरेवान खेबेर दिदे" ऐकताना मला वाटतं, हा त्या मुलाचाच सकाळचा पाठ आहे, फक्त आता मोठ्यानं म्हटलेला.

आणि त्या माइकसमोर गायला कोण बसलं? काराबेते खाचो. जातीचा आर्मेनियन. १९१५ च्या आर्मेनियनांच्या संहारात आईबाप गेले, कुर्दांच्या गावात त्यांची गाणी शिकला, पुढं सीरियात फ्रेंचांच्या फौजेत शिपाईगिरी केली, १९४६ साली सोव्हिएत आर्मेनियात आला. त्या संहारात कुर्द टोळ्यांचाही हात होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी कुर्दी गाण्याचा सगळ्यात जुना, सगळ्यात कणखर आवाज म्हणून तुर्कस्तानातल्या खेड्यांत ओळखला जायचा तो या पोरक्या आर्मेनियनाचा. साथीला बहुतेकदा काही नाही. कानावर हात ठेवून म्हटल्यासारखी लांबलचक तान, श्वास संपतो तिथं पुढची ओळ. आपल्या शाहिराच्या पवाड्यात डफ गप्प झाला तर उरेल तसं काहीसं.

आता भाबडेपणा नको. मॉस्कोला कुर्दी गाण्याचं प्रेम ऊतू चाललं होतं असं नाही. तुर्कस्तान १९५२ मध्येच नाटोत गेला होता, आणि शेजाऱ्याच्या घरात असा आवाज सोडणं मॉस्कोला सोयीचं होतं. गाण्यांच्या आधी सामूहिक शेतीतल्या दुधाच्या उत्पन्नाचे आकडे ऐकावे लागत. पण अंकाराला ज्याची धास्ती वाटत होती, त्यावरचा उतारा अंकाराच्याच हातात होता. घरचा रेडिओ मुका असतो म्हणून माणूस परक्याचा काटा शोधतो. आपल्याला हे साध्या फिल्मी गाण्यांवरून कळलं. नभोवाणीमंत्री बा. वि. केसकर, मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचे कैवारी. त्यांच्या काळात आकाशवाणीवर फिल्मी गाणी आटली आणि सगळा देश रेडिओ सिलोनवर गेला. १९५७ मध्ये विविध भारती काढून ती चूक निस्तरली. तुर्कस्तानच्या सरकारी प्रक्षेपणात मात्र कुर्दीला पहिल्यांदा अर्धा तास मिळाला तो २००४ मध्ये, आणि स्वतंत्र वाहिनी २००९ मध्ये. तोवर दोन पिढ्या येरेवानला कान लावून म्हाताऱ्या झाल्या होत्या.

येरेवानचंही पुढं बरं झालं नाही. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी काराबाख प्रदेशावरून आर्मेनिया आणि अझरबैजान पेटले, आणि आर्मेनियातल्या मुस्लिम कुर्दांना घरदार सोडावं लागलं. मागं राहिलेल्या यझिदींत वाद लागला: आपण कुर्द की निराळे, आपली भाषा कुर्दी की यझिदी? दोन शेजारणींचं भांडण झाल्यावर सामाईक अंगणात भिंत उभी राहावी, तसे तिथल्या रेडिओवर आता दोन वेगळे कार्यक्रम होतात. ऐकणाऱ्याला दोन्ही कळतात.

हे वाचून तिकडच्या लोकांची कीव करू नये. बंगळूर दूरदर्शननं ऑक्टोबर १९९४ मध्ये उर्दू बातम्या सुरू केल्या. दहा मिनिटांच्या. त्यावरून दंगल उसळली, वीसहून अधिक माणसं गेली आणि त्या बातम्या बंद झाल्या. दहा मिनिटांत काय सांगून होतं? पंतप्रधान कुठं गेले, धरणात पाणी किती, उद्या पाऊस आहे का. तेच पाणी, तोच पाऊस. कुणाच्या कानाला ते परकं वाटलं, त्याची किंमत दुसऱ्यांनी जिवानं भरली.

बेळगावचं नाव निघालं की आपण मराठी माणसं लगेच हळवे होतो, आणि मावशीमुळं मी इतरांपेक्षा जरा जास्तच. पण तिच्या सांगलीची खरखर आठवताना मला हल्ली आपल्याच हद्दीतली माणसं दिसतात. जत आणि अक्कलकोट तालुक्यांत कन्नड बोलणारी घरं आहेत. गडचिरोलीत गोंडी आहे; देशभरात २०११ च्या जनगणनेत सुमारे तीस लाख लोकांनी ती मातृभाषा म्हणून सांगितली आणि तरी आठव्या अनुसूचीत तिला जागा नाही. यातल्या कुणी आपल्या भाषेत पंधरा मिनिटं जादा मागितली, तर आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघेल? 'कशाला' हाच ना?

मावशी गेली. ट्रान्झिस्टर माझ्याकडं आहे. वाजत नाही, पण ठिपका आहे. जतकडं कधी गेलात आणि एखाद्या घरात जुना रेडिओ दिसला, तर त्याच्या काचेवर ठिपका कुठं आहे ते जरा बघा. धारवाडवर असेल, तर आवाज थोडा मोठा करायला सांगा.