कसाले घाबरस?

नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ 1 जुलै 1989 ला सुरू झालं. नंदुरबार जिल्हाही 1 जुलैलाच झाला, पण 1998 साली. मधल्या काळात आम्ही लोणखेड्याची माणसं धुळे जिल्ह्यातली होतो आणि शिक्षण सुटलेल्यांच्या घरी नाशिकची पुस्तकं येऊ लागली होती. बारावी न झालेल्यालाही पूर्वतयारीची परीक्षा देऊन बी.ए. करता येतं, ही बातमी साखर कारखान्याच्या कामगारांपासून पानटपरीपर्यंत पोचली होती. विश्वास मात्र पटकन बसत नव्हता. कॉलेजात न जाता पदवी कशी मिळेल?

त्या शंकेचं उत्तर विद्यापीठाच्या माहितीपुस्तिकेत नव्हतं. ते रविवारी अभ्यासकेंद्राच्या व्हरांड्यात मिळायचं. समंत्रक, म्हणजे शिकवणारे सर, यायच्या आधी दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे दादा तिथे उभे असत. कुणी एसटीत वाहक, कुणी दूध डेअरीवर, कुणी दोन लेकरांचा बाप. नव्याचा फॉर्म ते स्वतःच्या पेनाने भरून देत, गृहपाठ कुठल्या आकाराच्या कागदावर लिहायचा ते सांगत, आणि पेपरला कुठलं पुस्तक आधी वाचायचं तेही. एवढं करून वर अहिराणीत म्हणत, ‘‘कसाले घाबरस? व्हई जाई!’’ चहाचे पैसे बहुधा त्यांचेच. हे काम त्यांना कुणी नेमून दिलेलं नव्हतं.

आता पदवीच ऑनलाइन मिळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2020 मध्ये दूरस्थ आणि ऑनलाइन शिक्षणाचे एकत्र नियम केले. पपईच्या बागेत बसून व्याख्यान ऐकता येतं, पुस्तक पीडीएफमध्ये येतं, शुल्क यूपीआयने जातं. सोय मोठी, नाकारण्यात अर्थ नाही. पण पहिल्याच आठवड्यात एबीसी आयडी, डीईबी आयडी, लॉगिन, ओटीपी आणि असाइनमेंट अपलोडची शेवटची तारीख एकदम अंगावर येते. व्हॉट्सअॅपच्या ग्रुपमध्ये शेकडो जण असतात. प्रश्न विचारला की खाली गुड मॉर्निंगची फुलं येतात. अपलोड झालं की नाही, हे रात्री अकराला कुणाला विचारायचं? धडगावच्या डोंगरात रेंज जाते-येते, तिथली मुलगी तर प्रश्न टाईप करतानाच मागे पडते.

जुन्या व्हरांड्याचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. तो पुरुषांचा होता. दादा आपल्या गावच्या, आपल्या ओळखीच्या मुलाला आधी जवळ घ्यायचे. पावरी बोलणारा मुलगा कोपऱ्यात उभा राहायचा, आणि रविवारी घराबाहेर पडणं ज्यांना जमत नव्हतं अशा सुनांना तर व्हरांडा कधी दिसलाच नाही. आज त्याच घरातली सून रात्री भाकरी आवरून मोबाइलवर वर्ग करते. तेव्हाचा दादा तिला मिळाला नसता. आता फोनवर एक ताई मिळू शकते. म्हणून मला ‘तेव्हाचं सारं चांगलं’ असं म्हणवत नाही.

आयोगाने 2019 मध्ये ‘दीक्षारंभ’ नावाची मार्गदर्शिका काढली, तिच्यात वरच्या वर्गातल्या मुलांनी नव्यांना सांभाळून घेण्याची कल्पना आहे. पण तिच्या डोळ्यांसमोर कॉलेजचं आवार आहे. घरात बसून शिकणाऱ्यासाठीही असंच रीतसर पद हवं: दहा-बारा नव्यांमागे वरच्या वर्षाचा एक जण, अहिराणी, पावरी, भिली, गुजरी यांपैकी त्यांची बोली येणारा, महिन्याला थोडं मानधन आणि प्रमाणपत्र मिळणारा. त्याने शिकवायचं नाही. पहिल्या सहा आठवड्यांत फोन करायचा, अपलोड करून दाखवायचं आणि अडलेलं समंत्रकांपर्यंत पोचवायचं. फुकटच्या भलेपणावर हे सोपवलं की पुन्हा ओळखीचाच मुलगा आधी पुढे जाईल.

पद निघेल तेव्हा निघेल. यंदा दुसऱ्या वर्षाला गेलेल्यांनो, तुमच्या ग्रुपमध्ये जो नंबर नुसता वाचतो आणि काहीच लिहीत नाही, त्याला आज एक फोन करा.