अर्ध्या लिटरचा हिशेब

चि. अद्वैत,


कृती तीच, मॉल्ट तोच, हॉप्स त्याच पाकिटातले, तरी घरच्या बिअरच्या पाच-पाच लिटरच्या दोन बॅच सारख्या का लागत नाहीत, हा तुझा प्रश्न मोलाचा आहे. माझं म्हणणं असं, की दोष कृतीत नाही. हाती काय आलं ते न मोजण्यात आहे. काय घालायचं हे कृती सांगते, पातेल्यातून किती आटलं हे तिला ठाऊक नसतं, आणि लहान मापात ते फार महाग पडतं. समज, उकळीनंतर पाच लिटर वॉर्ट, म्हणजे मॉल्टचा गोड काढा, १.०५० ग्रॅव्हिटीचा, म्हणजे पाण्याच्या तुलनेत तेवढ्या घनतेचा, हवाय. आच मोठी राहून अर्धा लिटर जास्त आटलं, तर ग्रॅव्हिटी १.०५६ च्या आसपास चढते. वीस लिटरमध्ये तेवढंच आटलं तर ती जेमतेम १.०५१ होते. म्हणून वॉर्ट निवव, ग्रॅव्हिटी मोजणारा हायड्रोमीटर लाव आणि तूट उकळून गार केलेल्या पाण्याने भरून काढ. यीस्टचंही तेच. साडेअकरा ग्रॅमचं पाकीट साधारण वीस लिटरसाठी असतं. पाच लिटरला तीन ग्रॅमच्या आत-बाहेर पुरे. ते अंदाजाने ओतू नकोस, काट्यावर तोल. तापमान खोलीचं नको, वॉर्टचं बघ, कारण आंबताना यीस्ट स्वतःच उष्णता सोडतं. ती वाढली की फळांसारखा वास येतो आणि घशाला झोंबणारं अल्कोहोल तयार होतं.

घरच्या बिअरची मजा वेगळेपणातच, असं कुणी म्हणेल. वेगळेपण मलाही हवंय, पण ते तू ठरवून आणलेलं. आधीची बॅच पुन्हा जमत नसेल, तर नव्या हॉप्सने चव बदलली की आचेने, हे कळणार कसं? डब्लिनच्या गिनेस या बिअर कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांच्यापुढे हाच पेच होता: मोजक्या नमुन्यांत दिसलेला फरक खरा मानायचा की योगायोगाचा? ‘स्टुडंट’ या टोपणनावाने १९०८ मध्ये त्यांनी दिलेलं उत्तर आज टी-चाचणी म्हणून जगभर शिकवलं जातं. सारखेपणासाठी बॅच एकमेकींत मिसळल्या की चव सरासरीवर येते, हेही खरं. पण एकीत जंतू शिरले असतील तर सगळ्याच वाया जातात. आणि जिभेच्या आठवणीवर विसंबू नकोस. दोन ग्लासांत जुनी बॅच, तिसऱ्यात नवी, अशी कुणाकडून तरी न सांगता ओतून घे आणि वेगळा ग्लास ओळख. तिनांत एकदा तो नुसत्या नशिबानेही सापडतो, तेव्हा ही परीक्षा पुन्हा पुन्हा घे, आणि प्रत्येक वेळचा निकाल ग्रॅव्हिटीच्या आकड्याशेजारीच लिहून ठेव.

तुझा,
काका