काकांचा पंप आणि ३६७ मीटर

मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत आलेल्या माणसाला गावाकडे एकच प्रश्न विचारतात. "एवढं शिकला, मोटर दुरुस्त करता येते का?" मला येत नाही. मला जावा येतं, आणि ते सांगितलं की काकांच्या चेहऱ्यावर जी करुणा दिसते ती अप्रेझलच्या वेळी मॅनेजरच्या चेहऱ्यावरही दिसत नाही.

तर झालं असं. मागच्या वर्षी फेब्रुवारीत दोन दिवस रावेर तालुक्यात काकांकडे गेलो होतो. केळीची मृगबाग उभी होती, उन्हं तापायला लागली होती आणि बोअरचं पाणी कमी पडत होतं. साडेसात एचपीची सबमर्सिबल. काकांचं ठरलं होतं, ती काढायची आणि दहाची टाकायची. दुकानदार तर म्हणाला होता, "प्लेट साडेसातची लावून देतो, काळजी नको." कारण उघड आहे. २०२४ पासून मोफत वीज योजनेत साडेसात एचपीपर्यंतच्या कृषिपंपांना बिल माफ आहे, त्याच्या वर गेलात की नाही.

मी म्हटलं, आधी आहे तो पंप काय करतो ते तरी मोजू या.

"कारे भो, पानी कमी येते हे मोजाले काय लागते? दिसते ना!"

पण मोजलं. दोनशे लिटरचा ड्रम बोअरच्या तोंडाशी ठेवला आणि मोबाइलवर वेळ लावली. पन्नास सेकंद. म्हणजे सेकंदाला चार लिटर. मग पाण्याची पातळी. पंप दोन तास चालू ठेवून, दोन तारांची लांब वायर बोअरमध्ये हळूहळू सोडली. टोकं उघडी आणि वरच्या बाजूला मल्टिमीटर. टोक पाण्याला टेकलं की रोध एकदम खाली येतो. (वायर केबलला गुंडाळली असती तर मी आज हे लिहायला शिल्लक नसतो, काकांनी तिथेच गाडलं असतं.) पातळी दोनशे फुटांवर मिळाली, म्हणजे ६१ मीटर. मग गावातल्या वायरमनचा क्लॅम्प मीटर आणून करंट घेतला. चौदा अँपिअर, व्होल्टेज ३८०. पॉवर फॅक्टर ०.८ धरला तर पंप ओढत होता ७.३७ किलोवॅट.

आता कॉलेजातली एकच गोष्ट आठवा, बाकी विसरलात तरी चालेल. पाणी उचलायला किती शक्ती लागते? सेकंदाला किती किलो पाणी, गुणिले ९.८१, गुणिले किती मीटर उंच. चार गुणिले ९.८१ गुणिले ६१, साधारण २४०० वॅट. घेतो ७३७०, देतो २४००. दक्षता साडेबत्तीस टक्के. बाकीचे दोन हिस्से बोअरच्या अंधारात गरम होऊन जातात.

काकांना टक्के सांगून उपयोग नव्हता. त्यांना दुसऱ्या वाटेने सांगितलं, आणि मला स्वतःलाही हीच वाट आवडते. एक युनिट वीज म्हणजे ३६ लाख जूल. एक हजार लिटर पाणी एक मीटर उचलायला लागतात ९८१० जूल. भागा. ३६७ येतात. म्हणजे कुठेच काही वाया गेलं नाही तर एका युनिटमध्ये हजार लिटर पाणी ३६७ मीटर वर जातं. एवढा आकडा लक्षात ठेवला की जगातला कुठलाही पंप तपासता येतो, तुमच्या सोसायटीचा सुद्धा. काकांची खोली ६१ मीटर, म्हणजे एका युनिटला सहा हजार लिटर यायला हवं. येत होतं दोन हजाराला थोडं कमी.

"मंग चार हजार कोठे जाते?"

हा प्रश्न मात्र खरा इंजिनिअरचा.

थोडं मोटर खाते. ही तीनदा जळून तीनदा रिवाइंड झालेली. प्रत्येक वेळी जुनी वाइंडिंग तापवून काढतात, त्यात आतल्या पत्र्यांचं इन्सुलेशन बिघडतं आणि मोटरची दक्षता थोडी थोडी घसरत जाते. जळते का, तर व्होल्टेज कमी. आणि व्होल्टेज कमी का, तर लाइट आली रे आली की अख्ख्या शिवारातले ऑटो स्टार्टर एकाच क्षणी मोटरी सुरू करतात. रात्रपाळीच्या लाइटसाठी थंडीत उठून शेतात जायला लागू नये म्हणून बसवलेले हे ऑटो. मी त्यांना नावं ठेवणार नाही. आपण इकडे एसीत बसून सर्व्हरला लोड बॅलन्सर लावतो, तिकडे डीपीला कुणी लावत नाही.

थोडं इंपेलर खातात. रेती येते आणि पाती झिजतात.

आणि दहा मीटर खातो पाइप! हे मला स्वतःला बघून धक्का बसला. पंप तेरा पाइपांवर टांगलेला, वीस फुटी एक, म्हणजे ७९ मीटर दोन इंची गंजलेला जीआय. दोन इंचांतून चार लिटर म्हणजे सेकंदाला दोन मीटर वेग. घर्षणाचं सूत्र लावलं तर सुमारे दहा मीटर. म्हणजे पाणी दोनशे फुटांवर असूनही पंपाला ते दोनशे तेहतीस फुटांवरून उचलल्यासारखं वाटतं. तेवढंच पाणी न्यायचं तर घर्षण व्यासाच्या पाचव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात बदलतं. दोनाऐवजी अडीच इंची घेतला तर ते एक तृतीयांशावर येतं. पाचवा घात! व्हायवाला हे विचारलं होतं तेव्हा मी चौथा सांगितला होता. असो.

दहा एचपी टाकली असती तर त्याच पाइपमधून जास्त पाणी ढकलावं लागलं असतं, घर्षण वेगाच्या वर्गाने वाढलं असतं, आणि नवी मोटर बरीचशी पाइपाशीच भांडत बसली असती.

शेवटी साडेसातचीच नवी, चांगल्या स्टार रेटिंगची मोटर-पंप आणि अडीच इंची यूपीव्हीसी कॉलम पाइप असं ठरलं. वीज फुकट असेल तर दक्षता कशाला, असं तुम्हाला वाटेल. मलाही आधी वाटलं होतं. पण काकांना आठ तासच लाइट मिळते. बिल शून्य असलं तरी ते आठ तास शून्य नसतात. खराब दक्षतेची किंमत ते पैशांत नाही, पाण्यात मोजत होते.

पहिल्या दिवशी ड्रम ३७ सेकंदांत भरला. सेकंदाला ५.४ लिटर, आणि वीज आधीपेक्षा थोडी कमीच. आठ तासांत चाळीस हजार लिटर जास्त. आयुष्यात कोड लिहून इतका आनंद मला झालेला नाही, खरंच. काकूंनी त्या दिवशी भरीत-पुरी केली.

याच मूडमध्ये धुळ्याला मामांकडे गेलो. त्यांचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठी. तिथे फड पद्धत आहे, तीन-चारशे वर्षांपूर्वीची. नदीवर बुटका दगडी बंधारा, त्यातून निघालेला पाट, पाटाखालची जमीन फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचं एकच पीक, आणि पाणी सोडायला गावाने नेमलेला पाटकरी. पाणी उताराने जातं. मी मामांना मोठ्या तोऱ्यात ३६७चा आकडा सांगितला. ते म्हणाले, "आमचं किती येतं मग?" वीज शून्य. शून्याने भागायचं कसं? प्रोग्राम इथेच क्रॅश :-)

विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत लागले, आणि सुरुवातीच्या काळात त्यांची नेमणूक धुळ्यालाही होती. सुरुवातीच्या कामांतच पांझरेच्या खोऱ्यात पाइपचा सायफन बांधायचं काम त्यांच्याकडे आलं. पाणी अडथळ्याखालून जाऊन पलीकडे वर येतं आणि मध्ये पंप नाही. मात्र फडाला एक मर्यादा आहे. पाट जेवढं आणतो तेवढंच पिकतं. नदीला पाणी कमी असेल त्या वर्षी काही फड रिकामे ठेवायचे, आणि ते गावाने मिळून ठरवायचं. आज बरेच फड मोडकळीला आलेत, मामांच्या गावातही विहिरींवर मोटरी बसल्यात.

मे महिन्यात परत रावेरला गेलो. काकांनी दरम्यान हिशोब केला होता, माझ्याच आकड्यांवरून. चाळीस हजार लिटर जादा, उन्हाळ्यात खोडाला वीस लिटर, म्हणजे दोन हजार खोडं अजून. पलीकडच्या पडीक तुकड्यात ड्रिप अंथरून झालं होतं.

ड्रम लावला. ४२ सेकंद. मी म्हटलं, पंपात काहीतरी बिघडलं. करंट घेतला, बरोबर होता. मग वायर सोडली. दोनशे फुटांवर काही नाही. दोनशे दहा, काही नाही. दोनशे पंचवीसला मल्टिमीटर हलला. गणित पुन्हा केलं. ४.८ लिटर, ६८.६ मीटर. दक्षता जशीच्या तशी, सत्तेचाळीस टक्के. पंपाने त्याचं काम चोख केलं होतं.

उन्हाळ्यात पातळी खाली जातेच. त्यातली किती उन्हाळ्याची आणि किती आमच्या ३७ सेकंदांची, ते एका बोअरवरून सांगता येणार नाही. पण रावेर आणि यावल हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी वर्षानुवर्षं सरकारी याद्यांत आहेत. सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा पट्टा दगडगोट्यांचा, पाणी पिऊन घेणारा, आणि त्यातच तापीचं पाणी मुरवायचं म्हणून मेगा रिचार्ज योजनेचा करार महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात १० मे २०२५ ला झाला. ते पाणी काकांच्या बोअरपर्यंत यायला अवकाश आहे.

माझ्या सूत्रात उंची हा एक आकडा होता. तो मी मोजला, लिहिला आणि पुढे गेलो. पंप चांगला झाला की तोच आकडा बदलतो, हे चार वर्षांच्या डिग्रीत कुणी विचारलं नव्हतं आणि मीही विचारलं नाही. काकांना मी हे सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "शेजारच्यानं दहाची टाकली. मी नाही उपसलं त तो उपसेल."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दोन हजार खोडं लागली आहेत. या वर्षी ती वाढवायची नाहीत एवढं काका कबूल झाले, आणि ओढ्याचं पाणी जुन्या कोरड्या विहिरीत गाळून सोडायचं, त्याचा खड्डा खणून झाला आहे.

दिवाळीला जाईन तेव्हा ड्रम पुन्हा लावायचा आहे. वायरला पन्नास फूट जोड देऊन ठेवला आहे.