आधी परवानगी, मग हॅकिंग

पुण्यात सायबर सुरक्षेच्या एमएस्सीला आलेल्या आमच्या वर्गाची बोटं शिवशिवत होती, पण सुरुवात झाली कायद्याने. माहिती तंत्रज्ञान कायदा २०००, कलमं ४३ आणि ६६. मालकाच्या परवानगीवाचून, लबाडीने दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. मागच्या बाकांवर लगेच शांतता पसरली.

प्रयोगशाळेत काली लिनक्स ही सुरक्षा-चाचणीसाठीची ऑपरेटिंग सिस्टीम होती आणि मुद्दाम सदोष ठेवलेली एक वेबसाइट. लॉगिनच्या चौकटीत नावाऐवजी एकच अवतरणचिन्ह टाकलं, तर डेटाबेसची एरर थेट पडद्यावर! मुलं टाळ्या पिटतात ती इथे. सरांना मात्र त्यात रस नसायचा. भोक सापडलं, ठीक. ते बुजवायचं कसं, हे लिहून दाखवा, म्हणायचे.

खरी गोडी लागली ती कॉसमॉस बँकेच्या प्रकरणाने. ऑगस्ट २०१८, आमच्याच पुण्यातली बँक, चोरी सुमारे ९४ कोटींची. एटीएममध्ये कार्ड घातलं की स्विच नावाची यंत्रणा बँकेच्या मुख्य प्रणालीला विचारते, खात्यात पैसे आहेत का? चोरांनी मालवेअर घुसवून मध्येच एक बनावट स्विच उभा केला. तो कुणालाच न विचारता ‘आहेत, द्या’ म्हणत राहिला. ११ तारखेच्या शनिवारी २८ देशांतल्या एटीएममधून बनावट कार्डांवर पैसे निघाले. सोमवारी स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय संदेश-जाळ्यामार्फत आणखी १३.९२ कोटी हाँगकाँगला गेले. २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं. इतक्या देशांत इतकी माणसं एकाच वेळी एटीएमपुढे उभी करणं, हे मला त्या मालवेअरपेक्षाही थक्क करणारं वाटतं.

हे शिकतोय म्हटल्यावर नातेवाइकांची एकच मागणी: अमक्याचं व्हॉट्सअॅप उघडून दे. मामांना कलम ६६ ऐकवलं, तेव्हापासून ते जरा जपूनच बोलतात.

नोकऱ्या आहेत, पण सिनेमातल्यासारख्या नाहीत. नवख्यांतले बरेच जण एसओसीत, म्हणजे सुरक्षेवर चोवीस तास पाळत ठेवणाऱ्या केंद्रात लागतात: पाळ्या, रात्रीची जागरणं आणि अलर्टचा ढीग, त्यातले बहुतेक फुसके. तरी नजर ढळून चालत नाही, कारण सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. पेन्टेस्टिंगमध्ये, म्हणजे ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेत शिरून पाहण्याच्या कामात, आधी ‘स्कोप’ ठरतो, म्हणजे कोणते सर्व्हर तपासायचे आणि कोणत्यांना हातही लावायचा नाही. त्यावर सही झाल्याशिवाय काम सुरू होत नाही. शेवटी ग्राहकाच्या हाती पडतो तो अहवालच. ओएससीपी या नावाजलेल्या परीक्षेतही जवळपास २४ तास यंत्रं फोडल्यावर अहवालासाठी आणखी २४ तास मिळतात, आणि तो नीट नसेल तर केलेल्या कामाचे गुणही जातात.

तेव्हा प्रवेश घेण्याआधी माहितीपत्रकावरचं हूडीवालं चित्र बाजूला ठेवा. प्रयोगशाळा स्वतः पाहून या, आणि नेटवर्किंग, लिनक्स व अहवाललेखन किती शिकवतात ते विचारा.