मोजे

"सिस्टर, आमच्या मालकांचा रोग दुसऱ्याला लागतोय का वो?"

तासगाव भागातली बाई. नवऱ्याच्या खाटेशेजारी स्टुलावर बसून माझ्या हातांकडं बघत होती. मी लांब बाह्यांचा गाऊन चढवलेला, हातांत एकावर एक दोन ग्लोव्हज, आतला बाहीखाली, बाहेरचा बाहीवर ओढलेला. तिला भीती वाटत असेल असं मी समजले होते, पण तिला अपमान वाटत होता. घरात सासूनं मालकांचं ताट-तांब्या वेगळा काढला होता. दवाखान्यातही शिवाशिवच, असं तिला वाटलं.

"रोगासाठी नाही, औषधासाठी घालते," मी म्हटलं. "हे माझ्या कातडीला लागायला नको."

"मग त्यांच्या अंगात सोडताय ते?"

सातारा आणि सांगली मिळून अठरा वर्षं किमोच्या खोलीत काढली, तरी या प्रश्नाला बिनतोड उत्तर मला सापडलेलं नाही. त्या दिवशी तिच्या द्राक्षबागेतलंच उदाहरण दिलं. फवारणी करणारा गडी तोंडाला फडकं बांधतो ना? वेलीला मापून, गरजेपुरतं, ठरलेल्या दिवशी औषध मिळतं. गड्याच्या अंगावर मात्र रोज उडतं, आणि त्याला त्याचा उपयोग शून्य. हे तिला पटलं. द्राक्षवाल्यांना प्रमाण समजवावं लागत नाही; घडांच्या डिपिंगला जीए (जिबरेलिक ॲसिड) किती पीपीएम घ्यायचं, हे त्यांना तोंडपाठ असतं.

मी ही कामं शिकले तेव्हा औषध खिडकीशेजारच्या टेबलावर, डोक्यावर पंखा चालू ठेवून मिसळायचे. ग्लोव्हजचा एकच जोड, तोही कधी असायचा, कधी नसायचा. कुणाला त्यात काही वावगं वाटत नसे. आता बायोसेफ्टी कॅबिनेट आहे, सांडलं तर उचलायचं किट आहे, उरलंसुरलं पिवळ्या पिशवीत वेगळी खूण करून जातं. तरी नव्या मुली उकाड्याचं कारण सांगून गाऊन टाळतात, तेव्हा माझा आवाज चढतो.

त्या मालकांना गाठींचा कॅन्सर होता, लिम्फोमा. दर एकवीस दिवसांनी तीन औषधं शिरेतून आणि पाच दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या. तीन औषधांची तीन कुळं. सायक्लोफॉस्फामाइड हे युद्धातल्या मस्टर्ड गॅसच्या कुळातलं; त्याचा उरलेला भाग मूत्राशय जाळतो, म्हणून त्या दिवशी तांब्यावर तांब्या पाणी प्यायचं आणि लघवी अडवायची नाही. दुसरं डॉक्सोरुबिसिन, लाल भडक. इटलीतल्या मातीतल्या जंतूपासून मिळालेलं; एड्रियाटिक समुद्रावरून एड्रियामायसिन हे नाव पडलं. लघवी एक-दोन दिवस लाल होते. हे आधी सांगितलं नाही तर माणूस रक्त समजून रात्री अकराला फोन करतो. पण त्याचा खरा हिशेब हृदयाशी असतो. आयुष्यभरात किती घ्यायचं याची मर्यादा ठरलेली, म्हणून आधी टू-डी इको आणि फाइलवर प्रत्येक डोसची बेरीज.

तिसरं विनक्रिस्टिन. ते येतं सदाफुलीतून. आपल्याकडं साखरेसाठी सकाळी सदाफुलीची फुलं चावून खाणारे घरोघरी सापडतील. कॅनडात 1950च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हेच तपासायला बसले होते: हिच्या पानांनी साखर उतरते का? साखर काही उतरली नाही, उंदरांच्या पांढऱ्या पेशी मात्र धडाधड उतरल्या. त्यातून आधी विनब्लास्टिन, मग विनक्रिस्टिन. हे औषध मी कधीच सिरिंजमध्ये भरत नाही, लहान सलाईनच्या पिशवीतूनच देते. कारण पाठीच्या कण्यात टोचायच्या सिरिंजशी त्याची अदलाबदल झाली, तर माणूस बहुतेक जातोच. जगात अशा चुका झाल्यात. शिरेतून दिलं तरी ते नसांवर उतरतं. चौथ्या खेपेला मालक म्हणाले, "विरळणीची कात्री बोटांत राहीना झालीया, सिस्टर. सदऱ्याचं बटन पण लागंना." आतडीही सुस्तावतात, पोट साफ होतंय का, हे विचारताना लाजून चालत नाही.

आपल्या डोंगरानंही या औषधांच्या कपाटात भर घातली आहे. पाटणकडचे एक आजोबा आतड्याच्या कॅन्सरसाठी यायचे. त्यांचं औषध इरिनोटेकान हे कॅम्प्टोथेसिनपासून बनवतात, आणि कॅम्प्टोथेसिन सह्याद्रीतल्या नरक्याच्या झाडात भरपूर असतं. 1966मध्ये ते एका चिनी झाडातून पहिल्यांदा वेगळं काढलं मन्रो वॉल आणि मनसुख वाणी यांनी, अमेरिकेत. वाणी मूळचे नंदुरबारचे. पुढं 1971मध्ये टॅक्सॉलही याच जोडीचं. आजोबांना मी नरक्याचं नाव सांगितलं तर ते हसले, "त्येच्या मोळ्या मी रानातनं खाली आणल्यात की पोरी. वासानं डोकं उठायचं." चोरतोड कुणाच्या सांगण्यावरून होती ते मी विचारलं नाही. या औषधाचे जुलाब दोन तऱ्हेचे: सलाईन चालू असतानाच घाम, लाळ आणि पोटात मुरडा आला तर एट्रोपिन, काही दिवसांनी घरी सुरू झाले तर लोपेरामाइड लगेच, वाट न बघता.

लाल औषधाकडं परत येते, कारण माझ्याकडून झालेली चूक त्याचीच. ऊसतोडीची बाई होती. शीर मिळेना म्हणून सुई तळहाताच्या मागच्या बाजूला घातली. अर्ध्यावर ती म्हणाली, "जरा चुरचुरतंय." मी म्हटलं, "सलाईन गार आहे म्हणून." आणखी थोडं ढकललं. मग कातडीखाली फुगवटा दिसला. थांबवलं, सुई न काढता जमेल तितकं परत ओढलं, बर्फ लावला. या औषधाला गार शेक. विनक्रिस्टिन शिरेबाहेर झिरपलं असतं तर गरम. बर्फानं फार काही वाचलं नाही. तीन आठवड्यांत कातडी काळी पडली, पुढं मांडीची कातडी लावावी लागली. त्या हंगामात तिनं कोयता धरला नाही. सुई बसली तेव्हा बरोबर होती. मी तिचं ऐकलं नाही.

तेव्हापासून हाताच्या मागे किंवा कोपराच्या खळग्यात मी लाल औषध देत नाही. चालू सलाईनमधून हळूहळू, दर दोन मिलीला थांबून रक्त परत येतंय का बघायचं, आणि विचारायचं. पेशंट कंटाळतात. कंटाळू देत.

घरी जाणाऱ्यांना मी दोनच गोष्टी वहीत लिहून देते. ताप शंभर पॉइंट चारला गेला की क्रोसिन खाऊन झोपायचं नाही, रात्र असो की जत्रा, थेट दवाखाना. सातव्यापासून चौदाव्या दिवसापर्यंत पेशी तळाला असतात आणि साधा ताप माणूस नेतो. दुसरी, पहिले दोन दिवस लघवी, संडास, उलटी यांतून औषध बाहेर येतं. साफ करणाऱ्यानं हातमोजे घालायचे, संडासात दोनदा पाणी सोडायचं, भिजलेले कपडे वेगळे धुवायचे. ताट, तांब्या, अंथरूण, नातवाला मांडीवर घेणं, यांवर कसलीच बंदी नाही. हे वाक्य मी तीनदा म्हणते, आणि सासू हजर असेल तर तिच्याकडं तोंड करून.

तासगावच्या त्या बाईला कोऱ्या मोज्यांचा डबा घ्यायला लावला होता. सहाव्या खेपेला विचारलं, पुरले का?

"कुठलं वो," ती म्हणाली. "ताट एक झालं, पण सासूबाईंनी अर्धा डबा मिरच्या कुटायलाच संपवला."