मागं कोण आहे?

बारावीत नापास झालो त्या वर्षी, २००३ मध्ये, गोंदियाच्या बाजारातल्या एका छोट्या स्टुडिओत काम शिकायला लागलो. स्टुडिओवाल्यांना सगळे काका म्हणत. त्यांनी नवा संगणक घेतला होता, त्यात फोटोशॉप ७. पण माऊस काही त्यांच्या हाताला वळेना. माझ्या हाताला तो दोन महिन्यांत वळला आणि मी शहाणा झालो.

लग्नसराई सरली की दुकान चालायचं ते वारलेल्यांच्या फोटोंवर. सालेकसा, आमगाव, देवरीकडचे लोक लग्नातला एखादा फोटो घेऊन येत आणि म्हणत, यातला आमचा माणूस तेवढा मोठा करून द्या. माणसामागे कधी भोंगा, कधी धानाचं पुंजणं, कधी डोक्यातून उगवल्यासारखा मंडपाचा बांबू. मी मागचं सगळं इरेझरने पुसायचो आणि निळा पडदा टाकायचो. केस कात्रीने कापल्यासारखे दिसत.

काकांनी एकदा ते पाहिलं. रागावले नाहीत. कपाटातून एक जुनी निगेटिव्ह काढून खिडकीच्या उजेडात धरली. डोक्याभोवती बारीक कुंचल्याने लाल रंग भरलेला.

"हा ओपेक. यातून उजेड जात नाही, म्हणून प्रिंटवर मागचं पांढरं येते. ओला कापूस फिरवला का रंग निघाला, मागचं परत आलं. पण चाकूनं खरवडलं, तर गेलं ते गेलंच. तुह्या मशीनमध्ये ओपेक नाही का?"

होता. त्याचं नाव लेअर मास्क. काळ्याने झाकायचं, पांढऱ्याने उघडायचं. खालचं चित्र शाबूत. माऊसला हात न लावता काकांनी मला मास्क शिकवला. कडेला थोडं फेदर ठेवायचं, हेही त्यांनीच. मागचं सगळं सारखं धूसर करायचं नाही. जवळचं कमी, लांबचं जास्त. चेहऱ्यावर उजेड डावीकडून असेल, तर पडद्यावरही डावीकडूनच.

त्या पावसाळ्यात सालेकशाकडची एक बाई नवऱ्याचा फोटो घेऊन आली. खांद्यावर कुणाचातरी अर्धवट हात होता. मी तो झाकला, वर नव्या लेअरवर सदऱ्याचं कापड क्लोन करून बसवलं. काम इतकं साफ झालं की मलाच कौतुक वाटलं. बाईने प्रिंट बराच वेळ पाहिली.

"माह्या पोरीचा हात कुठं गेला जी?"

फोटो पोरीच्या पाठवणीचा होता. स्कॅन करून तो आम्ही आधीच परत दिला होता. मी इरेझर वापरला असता, तर बाईला भर पावसात पुन्हा गावी जाऊन यावं लागलं असतं. वरचा लेअर बंद केला, मास्कवर पांढरा ब्रश फिरवला. पाच मिनिटांत हात खांद्यावर आला. दुसऱ्या प्रिंटचे पैसे काकांनी घेतले नाहीत. बाई गेल्यावर मला एवढंच म्हणाले, "झाकायच्या आधी विचारत जा, मागं कोण आहे?"

शिकवण्याचाही त्यांनी कधी पैसा घेतला नाही. उलट महिन्याला पाचशे रुपये हातावर ठेवत. त्यातलं मी काही फेडू शकलो नाही. काका आता नाहीत.

आज फोनवर बोट टेकवलं की मागचं धूसर होतं. तरी माझ्या दुकानात फोटो आला की मी आधी विचारतो, मागं कोण आहे? बहुतेक जण म्हणतात, कोणी नाही, काढून टाका. अधूनमधून एखादा म्हणतो, "तो हात राहू द्या."