कापलेली चित्रफीत

आमच्या हातांतील यंत्रांवर दिवसभर बातम्यांचा वर्षाव होत असतो. त्यांतील खरें कोणतें व खोटें कोणतें हें ओळखावें, असा उपदेश आम्हां विद्यार्थ्यांस वारंवार होतो. उपदेश रास्त आहे. पण ओळखावयाचें कसें, हें सांगणारे थोडे!

खोटी बातमी म्हणजे कोणीं तरी रचलेलें बनावट चित्र, अशी पुष्कळांची समजूत असते. २०१८ सालीं व्हॉट्सॲपवर फिरलेल्या एका चित्रफितीची हकीकत पाहा. गल्लींत मुलें क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोन इसम येतात व एका मुलास उचलून नेतात. मुलें पळविणारी टोळी आली आहे, असा मजकूर तिजसोबत असे. वस्तुतः ही फीत कराची येथील एका संस्थेनें पालकांस सावध करण्यासाठीं २०१६ सालीं तयार केली होती. मूळ फितींत तेच इसम परत येऊन मुलास सोडतात व एक फलक उघडून दाखवितात. तेवढा शेवट कोणीं तरी कापून टाकिला. उरलेल्या भागांत खाडाखोड कांहींच नव्हती. मग डोळ्यांनीं पारखून काय सांपडणार?

अशीच आवई धुळें जिल्ह्यांतही उठली होती. त्याच वर्षीं १ जुलै रोजीं राईनपाडा येथें, बाजाराच्या दिवशीं, मुलें पळविणारे समजून जमावानें पांच भिक्षेकऱ्यांस ठार मारिलें. ते मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी होते. गांवोगांव भिक्षा मागत फिरणें हीच त्यांची पिढीजात वहिवाट. मारणारांमध्यें आपल्या लेकरांच्या काळजीनें धांवलेले बापही असतील, हें मनांत येऊन आमचें चित्त अस्वस्थ होतें.

त्याच महिन्यांत व्हॉट्सॲप कंपनीनें पुढें धाडलेल्या संदेशांवर तसा शिक्का मारण्यास आरंभ केला. संदेश दुसऱ्याचा आहे एवढें त्यावरून कळतें; मूळचा कोणाचा, हें कळत नाहीं.

आमची खरी अडचण तर निराळीच आहे. हे संदेश परक्यांकडून येत नाहींत. मावशी, काका, शेजारचे आजोबा यांजकडून येतात. ‘हें आपणांस कोठून कळलें?’ असें वडीलधाऱ्यांस विचारणें उद्धटपणाचें दिसतें. शाळेबाहेर कोणी बाई विषारी गोळ्या वांटते, असा संदेश मावशीनें धाडला, तेव्हां आम्हीं धीर करून विचारलें. ती रागावली नाहीं. तिला तो शेजारणीनें पाठविला होता. शेजारणीस तिच्या भावानें. भावास त्याच्या कचेरींतील एका गृहस्थानें. त्या गृहस्थास आठवेना. चौघेंही सज्जन, आणि चौघांनींही तो मुलांच्या काळजीपोटींच पाठविला होता.